पहिलटकरणीला अंगावर पाजताना होणारे दुखणे: किती नैसर्गिक, आणि उपाय कोणते?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या घरी मुलगी आली असून तिचा दुसरा आठवडा सुरू आहे. प्रसूती शस्त्रक्रियेने झाली आणि मी सध्या सांगलीला माहेरी आहे. मुलगी वेळेवर दूध मागते, तपासणीत तिचे वजनही समाधानकारक भरले, त्यामुळे तिची काळजी नाही. प्रश्न माझ्या दुखण्याचा आहे. तिने तोंडात धरताक्षणी कळ येते आणि पाजून होईपर्यंत ती जात नाही. दोन्ही स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत. उजवीकडची चीर खोल असून तिच्यातून कधीकधी रक्त येते. दूध उतरले तेव्हा छाती इतकी ताठ आणि गरम झाली होती की कूस बदलणेही अवघड जात होते. तो ताण आता बराच उतरला असला, तरी उजव्या काखेच्या बाजूला एक गाठ हाताला लागते.

घरात प्रत्येकाचे मत वेगळे आहे. आई म्हणते की पहिलटकरणीला एवढे सोसावेच लागते, पुढे कातडी राठ झाली की दुखत नाही. मालिशीला येणाऱ्या मावशी गाठ मोडावी म्हणून ती जोराने रगडतात आणि त्यानंतर ठणका वाढतो. एका नातेवाईकांनी सरळ डब्याचे दूध सुरू करायला सांगितले. मला अंगावरच पाजायचे आहे, मात्र दर दोन-अडीच तासांनी येणाऱ्या त्या वेळेची आता धास्ती वाटू लागली आहे. यातले किती दुखणे नैसर्गिक समजावे आणि कोणत्या टप्प्यावर कोणाला दाखवावे, हे जाणकारांनी आणि अनुभवी मातांनी कृपया सविस्तर लिहावे.

नदीकाठ

रानजाई, तुमचे आणि घरच्यांचे अभिनंदन. मी प्रसूतिकक्षात परिचारिका होते आणि आता स्तनपान समुपदेशनाचे काम करते, त्यामुळे जरा विस्ताराने लिहिते.

पहिल्या काही दिवसांत बाळ ओढू लागले की सुरुवातीचे अर्धा मिनिट चुणचुण किंवा ताण जाणवणे हे पुष्कळ पहिलटकरणींना होते. दूध सुटू लागले की ही संवेदना ओसरायला हवी. पाजून होईपर्यंत टिकणारी कळ, चिरा आणि रक्त या गोष्टींना मात्र कारण असते आणि ते बहुतेक वेळा बाळाच्या पकडीत सापडते. कातडी राठ होण्याची वाट पाहू नका, कारण स्तनाग्राची कातडी अशी राठ होत नसते. पकड सुधारली तर दुखणे काही दिवसांत उतरते, आणि ती चुकीची राहिली तर महिना उलटला तरी चिरा भरत नाहीत.

बाळाने केवळ स्तनाग्र तोंडात घेतले, तर ते त्याची जीभ आणि कडक टाळू यांच्यामध्ये चिरडले जाते. भोवतालच्या काळसर भागाचाही मोठा घास तोंडात गेला, तर स्तनाग्र आत मऊ टाळूपर्यंत पोहोचते आणि तेथे त्यावर दाब येत नाही. मोठा वडापाव खाताना आपण तो बोटांनी जरा चपटा करतो, खालचा जबडा आधी टेकवतो आणि मग वरचा ओठ त्यावर आणतो. बाळाचा घास तसाच बसायला हवा.

पाठीला भरभक्कम आधार घेऊन बसा आणि बाळाला स्वतःकडे आणा. बाळाकडे वाकून पाजल्याने पाठ तर दुखतेच, शिवाय स्तन तोंडातून निसटत राहतो आणि बाळ केवळ टोक धरून ठेवते. बाळाचे पोट तुमच्या अंगाला भिडलेले असावे, आणि त्याचा कान, खांदा व कंबर एका रेषेत असावीत. मान वळवून आपणही घोट गिळू शकत नाही. आधार मानेच्या खालून आणि खांद्यांना द्या. डोक्याच्या मागून दाबू नका, कारण डोके दाबले की बाळ उलट मागे रेटते. सुरुवातीला त्याचे नाक स्तनाग्राच्या समोर ठेवा, स्तनाग्र वरच्या ओठाला हलकेच लावा आणि जांभई दिल्याएवढे तोंड उघडेपर्यंत थांबा. याच क्षणी बाळाला चटकन जवळ घ्या, म्हणजे हनुवटी आधी टेकेल. पकड नीट बसली की खालचा ओठ बाहेर वळलेला दिसतो, काळसर भाग वरच्या बाजूला अधिक आणि खाली कमी दिसतो, गाल फुगीर राहतात आणि गिळण्याचा हलका आवाज येतो. चुटचुट असा आवाज येत असेल किंवा गालांना खळगे पडत असतील तर पकड सुटलेली आहे.

कळ थांबत नसेल तर दात आवळून पुढे पाजत राहू नका. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवा, ओढ सुटली की बाळाला बाजूला घ्या आणि पुन्हा लावा. तसेच ओढून काढले तर चीर वाढते. पाजून झाल्यावर स्तनाग्राचा आकार पाहायची सवय ठेवा. ते गोल असेल तर उत्तम. चपटे, एका बाजूने तिरके किंवा टोकाला पांढरे पडलेले असेल तर ते तोंडात दाबले गेले आहे.

तुमच्या पोटाला टाके आहेत, म्हणून बाळाला मांडीवर आडवे घेण्याऐवजी काखेखाली धरून पाहा. त्याचे पाय तुमच्या पाठीकडे जातात आणि पोटावर भार येत नाही. रात्री एका कुशीवर निजून, बाळाला कुशीत समोरासमोर घेऊन पाजता येते. काही जणींना मागे रेलून, बाळाला छातीवर पालथे ठेवून पाजणे सर्वांत सोपे जाते, कारण त्या स्थितीत बाळ स्वतःच तोंड मोठे उघडून स्तन शोधते.

एवढे वाचून सगळे एकटीने जमवायचा प्रयत्न करू नका. पाजत असताना कोणीतरी जाणत्या व्यक्तीने शेजारी बसून पाहणे फार मोलाचे असते, कारण आईला वरून जे दिसते त्यापेक्षा बाजूने बरेच अधिक दिसते.

शेवंती

मी सत्तरीची आहे आणि मुलीची व सुनेची बाळंतपणे घरी केली आहेत. रानजाई, तुमच्या आईंचा राग मानू नका. त्यांच्या वेळी कोणी त्यांना यापेक्षा वेगळे सांगितलेच नसेल. आमच्या काळी अंधाऱ्या खोलीत, पदराखाली घेऊनच पाजायचे, आणि खोलीत सतत कोणी ना कोणी येत असल्याने पदर काढायची सोय नसायची. बाळाचे तोंड कसे उघडले आहे हे आईला दिसणारच कुठून? सुनेच्या वेळी परिचारिकेने पहिले काम काय केले असेल, तर दार लावून घेतले, खिडकी उघडली आणि पदर बाजूला करायला लावला. पहिले दोन आठवडे तरी बाळंतिणीच्या खोलीत भेटायला येणाऱ्यांना मज्जाव असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बारशाला सगळे भेटतातच.

खाण्यापिण्याविषयी दोन शब्द. आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, खसखस, बाजरीची भाकरी हे सगळे पौष्टिक आहे आणि झीज भरून काढायला उपयोगी पडते, म्हणून आनंदाने खावे. मात्र दूध वाढते ते वारंवार पाजण्याने, हे मला मुलीच्या डॉक्टरांनी पटवून दिले. बाळंतिणीला पाणी बेताने देण्याची रीत काही घरांत अजूनही आहे, ती सोडावी. तहान लागेल तेवढे पाणी प्यावे. बाळाला मध, गुटी किंवा साखरेचे पाणी चाटवू नये. मधातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, शिवाय त्या चाटणाने पोट भरले की बाळ अंगावर ओढत नाही आणि छाती दाटून राहते. पहिला पिवळा चीक पिळून टाकण्याची चालही चुकीचीच होती.

सह्यकडा

मी वडिलांच्या बाजूने लिहितो. पाजणे आपल्या हाती नसले, तरी त्याच्या आजूबाजूचे सगळे काम आपल्या हाती असते. रात्री बाळाला उचलून आईच्या हातात देणे, उशा नीट लावणे, ढेकर काढणे, लंगोट बदलणे आणि तिच्या शेजारी पाण्याचा तांब्या भरलेला ठेवणे ही कामे मी केली. आणखी एक काम वडील चांगले करू शकतात: पकड बसताना बाजूने पाहून हनुवटी टेकली आहे का, खालचा ओठ आत दुमडला आहे का, हे सांगणे. ‘डब्याचे दूध का देत नाही’ असे विचारणाऱ्या नातेवाईकांना उत्तर देण्याचे कामही तिच्यावर सोडू नये.

दूरदेशी

मी जर्मनीत राहते. येथे प्रसूतीनंतर हेबामे, म्हणजे सुईणबाई, घरी येऊन बाळ-बाळंतिणीला तपासतात आणि पहिल्या बारा आठवड्यांपर्यंतचा हा खर्च आरोग्य विम्यातून होतो. माझी स्तनाग्रे चपटी असल्याने बाळाला धरता येत नव्हते. बाईंनी पाजण्याआधी स्तनाग्र बोटांनी हलकेच फिरवून उठावदार करायला शिकवले आणि काही काळ सिलिकॉनचे पातळ आवरण वापरायला दिले. मात्र हे आवरण स्वतःच्या मनाने घेऊ नये, असे त्यांनी बजावले होते. आकार चुकला तर दूध कमी सुटते, आणि बाळाचे वजन नियमित पाहावे लागते. पकड जमू लागल्यावर ते आवरण हळूहळू सुटले.

नदीकाठ

दूरदेशी यांनी चांगला मुद्दा काढला. चपट्या किंवा आत ओढलेल्या स्तनाग्रांसाठी आपल्याकडील रुग्णालयांत उलट्या सिरिंजची साधी पद्धत शिकवतात. नव्या, सुई नसलेल्या सिरिंजचे तोटीकडचे टोक कापतात, दट्ट्या त्या कापलेल्या बाजूने आत घालतात आणि मूळची गुळगुळीत कडा स्तनावर टेकवून दट्ट्या अगदी हळू मागे घेतात. स्तनाग्र बाहेर येते, तसे ते अर्धा-एक मिनिट धरून ठेवायचे आणि लगेच बाळाला लावायचे. दुखू लागले तर थांबायचे. पहिल्यांदा हे परिचारिकेकडून करून घ्यावे. रानजाई, चिरा भरेपर्यंत तुम्ही मात्र हे करू नका.

रानजाई

सर्वांचे मनापासून आभार. काल काखेखाली धरून पाजले तेव्हा डावीकडे कळ बरीच कमी होती आणि स्तनाग्र गोल राहिले. उजवीकडे अजून तसेच आहे. मालिशीच्या मावशींना आईने स्वतः थांबवले. आता दोन शंका आहेत. गाठीवर शेक द्यावा की थंड ठेवावे, याविषयी दोन्ही सल्ले मिळाले आहेत. आणि चिरांवर काय लावावे? घरात साजूक तूप, खोबरेल आणि एक जंतुनाशक मलम आहे.

नदीकाठ

मावशींना थांबवले हे फार बरे झाले. छाती दाटते तेव्हा आत केवळ दूध साठलेले नसते. रक्तपुरवठा वाढलेला असतो आणि पेशींमध्ये पाणी साचून सूज आलेली असते. अशा सुजेला रगडले की नाजूक दुग्धनलिकांना इजा होते आणि सूज वाढते. ‘गाठ मोडणे’ ही कल्पनाच सोडून द्यावी. हात लावायचाच तर काखेच्या दिशेने, मांजरीला गोंजारावे इतक्या हलक्या हाताने फिरवावा.

शेक आणि थंडावा दोन्ही उपयोगाचे आहेत, त्यांची वेळ वेगळी आहे. पाजण्याआधी दोन-चार मिनिटे कोमट फडके ठेवले तर दूध सुटायला मदत होते. पाजून झाल्यावर थंड फडके किंवा रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे ठेवला तर सूज आणि ठणका उतरतो. दीर्घकाळ शेकत राहिल्यास सूज वाढू शकते. गार केलेली कोबीची पाने ठेवल्याने काही जणींना बरे वाटते. भक्कम पुरावा नसला तरी अपाय नाही, फक्त चिरलेल्या जागेवर ती ठेवू नयेत.

काळसर भाग इतका ताठ असेल की बाळाला धरताच येत नाही, तर स्तनाग्राच्या भोवती बोटांची टोके टेकवून छातीच्या दिशेने एक मिनिटभर स्थिर दाब द्या. सूज मागे सरकते, तो भाग मऊ होतो आणि बाळाला घास घेता येतो. हाताने थोडेसे दूध काढले तरी चालते, पण पंप लावून स्तन ‘पूर्ण रिकामा’ करण्याच्या मागे लागू नका. जितके अधिक काढाल तितके अधिक तयार करण्याची सूचना शरीराला मिळते आणि दाटणे संपत नाही. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा बाळाच्या मागणीप्रमाणे पाजणे पुरेसे असते.

चिरांवर पाजून झाल्यावर स्वतःच्याच दुधाचे दोन थेंब लावून हवेवर सुकू द्या. शुद्ध लॅनोलिनचे मलम औषधाच्या दुकानात मिळते, ते पातळ थरात लावावे. पाजण्याआधी पुसावे लागत नाही. स्वच्छ खोबरेल किंवा तूप किंचित लावल्याने कातडी मऊ राहते, पण पकड चुकलेली असेल तर कोणतेही मलम चीर भरू देणार नाही. जंतुनाशक मलम डॉक्टरांना न विचारता लावू नका, आणि दर वेळी साबणाने धुऊही नका, कारण साबणाने नैसर्गिक स्निग्धता जाते. चिरेतले थोडे रक्त बाळाच्या पोटात गेले तरी अपाय होत नाही. ओला झालेला पॅड लगेच बदला आणि घट्ट, तार असलेली ब्रा टाळा.

ताप शंभर अंशांच्या पुढे गेला, थंडी वाजली, अंग मोडून आले किंवा गाठीवर लालसर, गरम पट्टा उमटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. हा स्तनदाह असू शकतो. त्यातही पाजणे थांबवायचे नसते, ते दूध बाळाला बाधत नाही, आणि अचानक थांबवले तर गळू होण्याचा धोका वाढतो. स्तनपान चालू असताना घेता येतील अशी वेदनाशामके आणि प्रतिजैविके उपलब्ध आहेत. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन ही त्यांतली नेहमीची. तुमच्या शस्त्रक्रियेच्या औषधांत त्यांपैकी काही आधीच आहे का, ते विचारून मगच घ्या.

बालारोग्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. वरील माहितीशी सहमत आहे, थोडी भर घालतो. पकड सुधारूनही दुखणे थांबत नसेल तर तीन गोष्टी तपासून घ्याव्यात. बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड असेल तर जीभ पुढे येत नाही आणि घास उथळ राहतो. अशा प्रत्येक बाळाला छेद द्यावा लागतोच असे नाही, पण तपासणी व्हावी. आधी बरे असताना अचानक जळजळ सुरू झाली आणि बाळाच्या गालांच्या आत पुसले न जाणारे पांढरे चट्टे दिसले, तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो, आणि त्यात आई व बाळ दोघांवर एकाच वेळी उपचार करावे लागतात. तिसरे, पाजून झाल्यावर स्तनाग्र पांढरे, मग निळसर पडून ठणकत असेल, तर तेथील रक्तवाहिन्या आकसत असतात. लगेच कोरडा, उबदार हात किंवा कापड ठेवल्याने आराम पडतो.

डब्याच्या दुधाविषयी: पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करत असेल आणि दोन आठवड्यांच्या आत जन्मवजनावर परत आले असेल, तर दूध पुरते आहे. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरणे स्वाभाविक असते, त्यावरून घाबरून डबा आणला जातो. या दुधाची जाहिरात करण्यास १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, तरीही तोंडी सल्ले थांबत नाहीत. वैद्यकीय गरज असेल तेव्हा वरचे दूध द्यावे लागते आणि त्यात आईने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र आईच्या दुखण्यावर डब्याचे दूध हा उपाय नाही, त्यावर वेगळा उपचार आहे.

वैनगंगा

मी गडचिरोली जिल्ह्यात आशा कार्यकर्ती आहे. रुग्णालयात प्रसूती झाल्यास आम्ही तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतो. नवजात बाळाच्या घरी जाऊन काळजी घेण्याची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या गडचिरोलीतील कामातून पुढे आली, हे मला अभिमानाने सांगावेसे वाटते. या भेटीत बाळाचे वजन करतो, पाजताना पाहतो आणि बाळंतिणीला ताप आहे का, छाती दुखते का, हे विचारतो. माझी विनंती अशी की, आशाताईने विचारल्यावर ‘सगळे ठीक आहे’ म्हणून तिला परत पाठवू नका. सासूबाईंसमोर छातीच्या दुखण्याविषयी बोलायला पुष्कळ मुलींना संकोच वाटतो, म्हणून मी दोन मिनिटे एकांत मागते.

रानजाई ताई, तुम्ही धास्तीविषयी लिहिले आहे. वेदना आणि ताण असला की पान्हा उशिरा फुटतो, हे तर खरेच. पण दुखणे उतरूनही उदासी, रडू किंवा झोप न लागणे दोन आठवड्यांहून अधिक राहिले, तर डॉक्टरांशी बोला. टेलि-मानसच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

रानजाई

आज रुग्णालयातील समुपदेशक बाईंनी शेजारी बसून पाहिले. उजव्या बाजूला लावताना मी नकळत खांदा उचलून मुलीपासून दूर होत होते, हे त्यांनी दाखवून दिले. डावी बाजू आता जवळजवळ दुखत नाही. उजवीकडची चीर मात्र पकड सुधारूनही पाजताना उघडते. ती भरेपर्यंत त्या बाजूने एक-दोन दिवस न पाजता दूध काढून दिले तर चालेल का? बाळ मग अंगावर यायला नाकारेल, अशी भीती वाटते.

नदीकाठ

चालेल. डावीकडे नेहमीसारखे पाजत राहा, म्हणजे मुलीची सवय मोडणार नाही. उजवीकडचे दूध तिच्या पाजण्याच्या वेळीच, साधारण दोन-तीन तासांनी, हाताने काढा. हात स्वच्छ धुवा, अंगठा वर आणि बोटे खाली अशी काळसर भागाच्या कडेवर ठेवा, आधी छातीच्या दिशेने आणि मग एकमेकांकडे दाबून सोडा. कातडीवरून बोटे घासू नका. आराम वाटेल एवढेच काढा. काढलेले दूध बाटलीऐवजी उकळून घेतलेल्या वाटी-चमच्याने, बाळाला जरा उभे धरून पाजा. सांगलीच्या उन्हाळ्यात ते बाहेर फार वेळ ठेवू नका, लगेच पाजायचे नसेल तर फ्रीजमध्ये ठेवा. चिरेतून पू दिसला किंवा दोन दिवसांत ती मिटू लागली नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

काखेजवळची गाठ पाजल्यानंतर लहान होते का, हे रोज पाहा. लहान होत असेल तर काळजी नको. आठवडाभरात तिच्यात काहीच फरक पडला नाही, तर डॉक्टरांना सांगून सोनोग्राफी करून घ्या. त्या तपासणीसाठी पाजणे थांबवावे लागत नाही.